जुन्या वाड्याचं लाकूड, लोकांचे पैसे आणि आमचं रंधा मशीन

आमचे आण्णा, म्हणजे वडील, गेली चाळीस वर्षं सुतारकाम करतायत आणि त्यातली शेवटची बारा-तेरा फक्त जुन्या लाकडात. पुण्यात पेठांमधले वाडे पाडले की तुळया, खांब, कडीपाट, दाराच्या चौकटी असं सगळं ठेकेदार लॉटमध्ये विकतो, म्हणजे निवडानिवड करायची नाही, टेम्पो भरायचा आणि निघायचं. सागवान असतं, वर्षानुवर्षं सुकलेलं, नवीन लाकडासारखं सहा महिन्यांनी वाकून बसत नाही. पण वर चुना आणि ऑइलपेंटचे थर, आत खिळे. लोकांना वाटतं जुनं लाकूड म्हणजे स्वस्त, पण खिळे काढायला जो वेळ जातो ना तो कोणी धरतच नाही. आम्हीपण धरला नव्हता, ते पुढे सांगते.

तर झालं असं की आम्ही फळ्या रंधायला बाहेर एका मशीनवाल्याकडे न्यायचो आणि एकदा एक खिळा आत राहिला. पात्याला खाच पडली की पुढच्या प्रत्येक फळीवर रेघ उमटते, त्याने आम्हाला हात जोडले, म्हणाला तुमचं लाकूड नको. म्हणजे स्वतःचं थिकनेसर (फळी सारख्या जाडीची रंधणारं मशीन) घेणं आलं, सोबत बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत, आणि थ्री फेज कनेक्शन. सगळं मिळून साडेतीन लाखांच्या पुढे.

बँकेने शेड भाड्याची आहे म्हणून तोंड वाकडं केलं. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली त्यात सुतार बसतात, आण्णांना पहिल्या टप्प्याचं १ लाख कर्ज ५ टक्क्यांनी मिळालं, टूलकिटचे १५ हजारपण. पण एका कुटुंबात एकालाच, आणि धाकट्या भावाचं लग्न झालेलं नाही म्हणून तो आण्णांच्याच कुटुंबात मोजला जातो. (आई म्हणाली, बघ, लग्न केलं असतंस तर. प्रत्येक गोष्ट तिथेच जाते.)

उरलेल्या पैशांसाठी क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवर खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायचे, ही माझी आयडिया. घरात मीच काय ती बीकॉम. मावसभाऊ म्हणाला लोकांना धंद्यात टक्केवारी दे, सीएने तिथेच गप्प केलं, असं इंटरनेटवरून सगळ्यांना भागीदारी विकायला सेबीची (शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी नाही. किकस्टार्टर या अमेरिकन क्राउडफंडिंग साइटवर भारतातून प्रोजेक्ट टाकता येत नाही. मग इथल्याच एका प्लॅटफॉर्मवर गेलो, लोकांनी पैसे द्यायचे आणि बदल्यात वस्तू घ्यायची. १५०० ला पाट, २२०० ला स्टूल. टार्गेट पूर्ण झालं नाही तर सगळे पैसे लोकांना परत, म्हणून घाबरून २ लाख ४० हजारच ठेवलं.

आण्णांना हे भीक मागणं वाटत होतं. सरळ म्हणाले, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही. मी म्हणलं आण्णा ही ऑर्डरच आहे, पैसे आधी घेतोय एवढंच, तुम्ही काय लग्नाच्या पलंगाचा ॲडव्हान्स घेत नव्हता का? त्यावर काही बोलले नाहीत पण कॅमेऱ्यासमोर यायलाही तयार नाहीत. शेवटी धाकट्याने त्यांना न सांगता, ते तुळईतून वीतभर खिळा उपसत होते आणि खिळ्याला शिव्या घालत होते, ते शूट केलं. शिव्या कापून टाकलं. माझ्या नीट लिहिलेल्या पानाने जेवढे पैसे आणले नाहीत तेवढे त्या चाळीस सेकंदांनी आणले.

पहिले चार दिवस मात्र सगळे ओळखीचेच, आत्या, शाळेचा ग्रुप, आण्णांची जुनी गिऱ्हाइकं. ५०१, १००१ असे आकडे, आहेर असल्यासारखे. अनोळखी लोक नंतर आले, आकडा अर्ध्यावर गेल्यावर. शेवटी २ लाख ७१ हजार जमले, फी, पेमेंट गेटवे आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून हातात २ लाख ३९. बाकी थोडं दागिन्यावर काढलं.

आता खरी गंमत. ६४ स्टुलं आणि ७० पाट द्यायचे होते आणि मी कुरिअर वजनावर धरलं होतं. स्टूल सहा किलोचं. कुरिअरवाल्याने खोका मोजला, ४५ बाय ३५ बाय ४५ सेंटीमीटर, गुणाकार भागिले ५०००, म्हणजे चौदा किलोचे पैसे द्या! आतली हवापण आपणच पाठवायची म्हणे. त्यात परराज्यात माल जातोय तर जीएसटी नंबर लागतो, तोही आधी काढलेला नव्हता. त्या रात्री हिशोब केला तर प्रत्येक स्टुलामागे आम्हीच पदरचे घालत होतो, खिळ्यांचे तास वेगळेच. मला रडू यायचं बाकी होतं.

मी म्हणलं पाय सुटे करू, नटबोल्ट लावू. आण्णा म्हणाले नटबोल्टाचं स्टूल हवं असेल तर लोकांनी आपल्याकडे कशाला यायचं. दोन दिवस शेडमध्ये काहीतरी करत बसले आणि आले ते पाचरीचं स्टूल घेऊन. पाय फळीत घालायचे, पाचर मारायची, झालं, लोखंड कुठेच नाही. सुटं करून चपट्या खोक्यात बसतं, मग ते सहा किलोलाच जातं. फक्त लोकांना पाचर मारायला शिकवायचं राहिलं, त्याचा व्हिडिओ आण्णांनी स्वतःहून केला, यावेळी शिव्यांशिवाय.

दोन महिने म्हणलं होतं, पाच झाले. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना उशीर का होतोय ते फोटोसकट कळवत राहिले, तिघांनीच पैसे परत मागितले, दिले. मशीन आलंय, फळी आत टाकायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवायचं काम आईकडे आहे आणि ती कोणावर विश्वास ठेवत नाही, दोनदा फिरवते. अजून अकरा स्टुलं जायचीत. परवा बंगळुरूहून एकाचा फोन, पाचर जात नाहीये. आण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, उलटी धरलीय तुम्ही.