बोंब कुणाच्या नावानं?

पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दोन प्रकारची माणसं भेटतात. एकांच्या गळ्यात दुर्बीण असते, दुसऱ्यांच्या हातात लीश. दोघं एकमेकांना हसून नमस्कार करतात, पण मनातून फारसं जमत नाही. आम्ही वळणावर दिसलो की दुर्बीणवाल्यांच्या चेहऱ्यावर ‘झालं, आता इथं काही बसणार नाही’ असं स्वच्छ वाचता येतं. आणि खरं सांगायचं तर ते चुकत नाहीत.

माझ्याकडे दोन कुत्री आहेत. ब्रूनो लॅब्राडोर आहे. नाव मुलानं ठेवलं. सोसायटीत ‘ब्रूनो’ अशी हाक मारली की तीन बाल्कन्यांतून उत्तर येतं. दुसरी ठकी. काळी, गावठी, टेकडीच्या पायथ्याशी पिल्लू असताना सापडलेली. ब्रूनोला रानात फक्त खाण्याच्या वस्तू दिसतात. ठकीला बातम्या लागतात. रात्रभरात कोण आलं, कुठून गेलं, कुणी कुठं काय टाकलं, हे सगळं जमिनीलगत वाचून घेतल्याशिवाय ती पुढचं पाऊल टाकत नाही.

याला रान म्हणावं का, असा प्रश्न बाहेरगावचे पाहुणे विचारतात. चहूबाजूंनी कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता, आणि मधे ही साधारण 800 मीटर उंचीची टेकडी, शहरातली सर्वांत उंच. वर वेताळाचं देऊळ, अलीकडे पाणी साचलेली जुनी दगडाची खाण. बराचसा भाग वनखात्यानं लावलेल्या गिरिपुष्पानं व्यापलाय. फेब्रुवारीत त्याला गुलाबी बहर येतो, लोक फोटो काढायला येतात, आणि ‘आपल्याकडचा चेरी ब्लॉसम’ वगैरे लिहितात. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. माझं मत विचाराल तर फोटोपुरतं ठीक. खरी गंमत मोई, सालई, गणेर आणि बोरीच्या मोकळ्या, दगडाळ रानात आहे. ठकीचंही हेच मत असावं, कारण गिरिपुष्पाखालून ती भराभर चालते आणि उघड्या माळावर आलो की पाय रोवते.

कुत्र्याबरोबर चालण्याचा मुख्य नियम असा की कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवत नाही. एकटी फिरले तर मी पायवाटेवरून हात हलवत निघेन आणि पाऊण तासात घरी येईन. ठकी मात्र एखाद्या क्षुल्लक दगडापाशी थांबते आणि हलत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या आसपास, कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटींच्या घरात, असं सांगतात. म्हणजे तिच्यासाठी तो दगड म्हणजे अख्खं वर्तमानपत्र, पुरवणीसकट. मी शेजारी उभी राहते, आणि उभं राहिल्यावर करायला दुसरं काही नसतं म्हणून बघते.

त्यामुळे माझं बरंचसं पक्षीनिरीक्षण आधी खालून सुरू झालं. सशाच्या गोल, कोरड्या लेंड्या. मोराने उकरलेली माती आणि तिच्यात पडलेलं एखादं तपकिरी पीस. सपाट दगडावर, अगदी मांडून ठेवल्यासारखी, बियांनी गच्च भरलेली विष्ठा: हे उदमांजराचं काम. फळं खायची आणि बिया अशा उघड्यावर सोडायच्या ही त्याची पद्धत. ठकी त्या दगडावर जितका वेळ काढते तितका वेळ तिनं कधी माझ्या स्वयंपाकावर काढलेला नाही. उदमांजर मात्र मी या टेकडीवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते रात्रीचं गिऱ्हाईक. आमची ओळख पत्रव्यवहारापुरती.

रातवा या निशाचर पक्ष्याचं तसं नाही. तो भेटला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, खाणीच्या वरच्या अंगाला, वाळलेल्या गवतात ठकी एकदम गोठली. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट सरळ. मी तिच्या नाकाच्या रेषेत बघत राहिले. दगड, काटक्या, वाळलेली पानं. बराच वेळ एवढंच. मग त्यातल्या एका पानाला डोळा फुटला. डोळा म्हणजे काय, नुसती एक काळी, अर्धवट मिटलेली फट. त्याच्या मागून हळूहळू बाकीचा पक्षी दिसायला लागला: राखाडी, बदामी, काळ्या बारीक रेघा, कुठं पंख संपतो आणि कुठं माती सुरू होते ते कळू नये असा. आमच्यापासून तो हातभर अंतरावर होता आणि तरीही उडत नव्हता. मी लीश आखडली तशी तो उठला, चार पावलांवर पडला, एक पंख लोंबकळत ठेवून फडफडू लागला. सोंग उत्तम होतं. ब्रूनो तर लगेच हळहळून तिकडे निघाला. जिथून तो उठला तिथं उघड्या जमिनीवर, घरटं म्हणावं असं काहीही नसताना, दोन अंडी होती. फिकट गुलाबीसर, त्यावर विटकरी डागांची नक्षी. मी फोटो काढला नाही. दोघांना ओढत मागे फिरले, कारण अंडी उन्हात किती वेळ टिकतात हे मला अजमावून बघायचं नव्हतं.

दुर्बीणवाल्या एका काकांना हे सांगितलं. ते रोज खाणीपाशी भेटतात, आणि ब्रूनोकडे न बघता माझ्याशी बोलायची कला त्यांना साधली आहे. ते म्हणाले, “ताई, तुम्हाला कुत्रीमुळे दिसला, पण कुत्रीमुळेच उडालासुद्धा.” याला उत्तर नव्हतं.

नंतर मी त्याच वाक्याच्या नादानं टेकडी बघू लागले. माझ्या लक्षात आलं की मला जे काही दिसतं, ऐकू येतं, ते बहुतेक सगळं आमच्या नावानं मारलेली बोंब आहे. टिटवी उठली की आम्ही आलो. खारीचं एकसुरी चिक-चिक-चिक आणि प्रत्येक चिकला शेपटीचा झटका: आम्हीच. सातभाई बोरीच्या शेंड्यावर चढून कलकलाट करतात तोही आमच्याच गौरवार्थ. लांडोरी मान उंचावून झुडपाआड चालू लागतात, न धावता, न घाई करता, पण आमच्याकडे पाठ करून. टेकडी आपापल्या कामात रमलेली कशी असते ते काकांना माहीत. मला ओळख आहे ती सावध झालेल्या टेकडीची.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानांत दोन संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं होतं. कुत्रं घेऊन माणूस गेला की त्या वाटेवरच्या पक्ष्यांच्या जातींची विविधता 35 टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी घटते, असा 2007 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. यातली कुत्री लीशवर बांधलेली होती, मोकाट नव्हती. आणि ज्या रानात कुत्री रोज येतात तिथले पक्षीही काही सरावलेले नव्हते. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य टेकडीवर दिवसातून अनेकदा ऐकू येतं. करत नसेलही. पक्ष्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

तरी लीशवाली कुत्री परवडली. टेकडीवर मोकाट टोळ्या आहेत, त्यांना बिस्किटं घालणारे पुण्यवान लोक आहेत, आणि बिस्किटांवर पोसलेल्या टोळीला सशामागे धावायला भरपूर ताकद उरते. शिवाय रोग असतात. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासण्यांत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला होता. तोच, ज्याची लस आपण ब्रूनोला वर्षाला टोचून आणतो. इथं सिंह नाहीत, पण मुंगसं आहेत, उदमांजरं आहेत. लशीची तारीख चुकवायची नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं.

बोंबेकडे परत येते, कारण तीत भेद आहेत, आणि ते मला कुत्र्यांमुळेच कळले. रोज तोच कलकलाट ऐकला की त्याची चाल कानात बसते. कुत्र्यांसाठी सातभाई वर चढतात आणि आमच्याबरोबर फांदीफांदीनं पुढे सरकत शिव्या देतात. आम्ही हद्दीबाहेर गेलो की विषय संपतो. शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर प्रकार वेगळा: कुठून तरी एक बारीक, लांबट शीळ येते आणि मग सगळं झाडच चिडीचूप. टिटवीलाही माणसं आणि जनावरं वेगवेगळी कळतात. अंड्यांजवळ म्हशी आल्या तर ती जागेवरच पंख पसरून उभी राहते, पाय पडू नये म्हणून. कुत्रं दिसलं की मात्र आधी गुपचूप दूर चालत जाते आणि मग तिथून उडून, भलतीकडेच आरडाओरडा करत, डोक्यावरून सूर मारते. तिचा आवाज अशुभ मानणाऱ्यांनी एकदा तिच्या बाजूनं विचार करून बघावा.

आणि एका थंडीतल्या सकाळी सातभाईंनी वेगळीच चाल लावली. आम्ही बोरीपासून बरेच लांब होतो. ते वर चढत नव्हते, खाली उतरत होते. सात-आठ जण एका गवताच्या पुंजक्याभोवती गोल करून, माना खाली घालून ओरडत होते. एक पुढे उडी मारायचा, दचकून मागे यायचा, मग दुसरा. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. इतका अपमान ठकीला सहन होईना, ती ओढू लागली. मी दोन्ही लीश मनगटाला गुंडाळल्या आणि तिथंच थांबले. मग ऐकू आलं: कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कोंडते तसा लांबलचक, जाड फुत्कार. घोणस. सकाळच्या उन्हाला बसली असणार. वाट त्या पुंजक्याला घासून जात होती, आणि आमच्यात सर्वांत पुढे नाक असतं ब्रूनोचं.

त्या दिवशी आम्ही खूप लांबचा वळसा घेतला. सातभाई मागे ओरडतच होते. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, अर्थात त्यांनी ते आमच्यासाठी केलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी टेकडीवर जात नाही. अंधार पडायच्या आत कुत्री घरात, हा नियम. पुण्याच्या आसपास बिबट्याचं दिसणं आता नवलाईचं राहिलेलं नाही, आणि कुत्र्यांकडे बिबट्या कसा बघतो याची माहिती उपलब्ध आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. शेळ्या-मेंढ्या त्यामानानं कितीतरी मागे. हा आकडा मी काकांना ऐकवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ब्रूनोकडे नीट पाहिलं. वजनाचा अंदाज घेतल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून काका थोडे मऊ झालेत. ऑक्टोबरात थिरथिरा आला की मला सांगतात: शेपूट थरथरवत दगडावर बसलेला, दरवर्षी थंडीपुरता येणारा पाहुणा. मी त्यांना लेंड्या आणि पिसांच्या खबरा देते. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, त्याची दोन सुरांची शीळ पहाटे ऐकू येते, आणि मग टेकडीवर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. काही मंडळी मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला बाहेर बोलावतात. विणीच्या दिवसांत, स्वतःच्या हद्दीत दुसरा नर ओरडतोय असं समजून तो पक्षी कामधंदा सोडून भांडायला येतो. त्या वेळी काका माझ्याशी बोलताना कुत्र्यांचा विषय काढत नाहीत. शत्रू वाटून घ्यायला बरं पडतं.

नवरंग मी एकदा फार जवळून पाहिला, तोही कॅमेऱ्यांपासून दूर, ठकीच्या कृपेनं. ती एका ओढ्याच्या काठावर वास घेत बसली होती. पलीकडे पालापाचोळ्यात कुणीतरी पानं उलटत होतं. टुणकन उडी, एक पान बाजूला, थांबून मान वाकडी करून बघणं, पुन्हा उडी. पाठ हिरवी, पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, खांद्यावर निळा चकाकता तुकडा. एक गांडूळ ओढून काढलं, आपटलं, गिळलं. त्याला आम्ही दिसलो नव्हतो, किंवा वारा आमच्या बाजूनं होता. ठकीनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दगड हुंगू लागली. एवढे रंग तिला दिसतही नाहीत, निळा आणि पिवळा सोडला तर बाकी सगळं मातकट. तिला त्या दगडात जास्त मजकूर होता.

आता मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत आम्ही खाणीच्या वरचा माळ सोडून दिलाय. तिथं रातवे आणि टिटव्या जमिनीवर अंडी घालतात, आणि आमचा तिथं काही खोळंबा नाही. त्या दिवसांत आम्ही डांबरी रस्त्यानं अर्ध्यापर्यंत जाऊन परत फिरतो. माळाकडे जाणाऱ्या वळणावर ठकी रोज बूड टेकते. मी समजावते, ती ऐकून घेते, आणि मग तिला उचलून चार पावलं न्यावं लागतं. ब्रूनोची काही तक्रार नाही. डांबरी रस्त्यावर भेळेचे कागद जास्त सापडतात.