कुंभार्ली घाट आणि चिकूची लाळ

गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत चिपळूणच्या माझ्या दवाखान्यात जी कुत्री येतात, त्यांतली बरीचशी कुंभार्ली घाट उतरून आलेली असतात. पुण्याहून सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर असा प्रवास करून मंडळी गावी येतात, आणि अलीकडे कुत्र्याला मागे ठेवण्याची सोय नसल्याने किंवा मन होत नसल्याने तेही गाडीत असते. घाटात ओकलेले कुत्रे खाली उतरून पाणी प्यायले आणि तासभर सावलीत पडले की बहुधा आपोआप सावरते. तेवढ्यासाठी डॉक्टर लागत नाही. चिकू मात्र वाटेत एकदाही ओकला नव्हता, आणि तरीही त्याला उचलून टेबलावर ठेवावे लागले.

चार वर्षांचा, चौदा किलोचा बीगल. ‘सगळा घाट अगदी शांत झोपला होता, आता मात्र उठतच नाही,’ असे त्याचे मालक म्हणाले. तो झोपलेला नव्हता. डोळे अर्धवट उघडे होते आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी बुबुळावर सरकली होती. हिरड्या फिकट होत्या. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. खालच्या ओठापासून छातीपर्यंत केस लाळेने चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या. कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. त्याचे 98 च्या आसपास होते. बाहेर पाऊस होता, त्यामुळे काचा बंद, वातानुकूलन चालू आणि डॅशबोर्डवर उग्र वासाची सुगंधी डबी, अशा गाडीतून तो सहा-सात तास आला होता.

खोदून विचारल्यावर कळले की पहाटे त्याला दोन गोळ्या दिल्या होत्या. एक माणसांची, उलटी थांबवणारी ओंडान्सेट्रॉनची, जी आजकाल प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात असते. दुसरी गुंगीची, फिनोथायझिन गटातली, कोणा मित्राच्या कुत्र्याला फटाक्यांसाठी लिहून दिलेल्यांपैकी उरलेली. तो मित्राचा कुत्रा लॅब्राडॉर होता, म्हणजे वजनाने चिकूच्या दुपटीहून अधिक. या गटातली औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब उतरवतात आणि शरीराची उष्णता टिकू देत नाहीत. त्यांवर उतारा नाही. रक्तदाब उतरलेला पाहून घाईने ॲड्रेनॅलिन टोचावे, तर या औषधांच्या अमलाखाली तो आणखी उतरण्याचा धोका असतो, हे नव्या मुलांना मी नेहमी बजावतो. कोमट केलेले सलाईन, घोंगडी, गरम पाण्याच्या बाटल्या आणि वाट पाहणे, एवढेच हाती असते. संध्याकाळी चिकू उठून बसला आणि दिवेलागणीपर्यंत चालू लागला.

मला खटकले ते मालकांचे समाधान. गोळी चुकली हे त्यांना पटले होते, पण ‘उलटी तरी झाली नाही’ हे वाक्य ते पुन्हापुन्हा उच्चारत होते. गाडी लागणे म्हणजे लोकांच्या लेखी सीट खराब होणे. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर उलटी हा त्यातला शेवटचा टप्पा असतो. त्याच्या कितीतरी आधी ते ओठ चाटते, जांभया देते, सारखे गिळते, थरथरते, लाळ गाळते. गुंगीच्या औषधाने ही सगळी धडपड दिसेनाशी होते आणि मळमळणारे जनावर निपचित पडून राहते. आमच्या व्यवसायातले काही जणही प्रवासासाठी सर्रास गुंगीच लिहून देतात, कारण त्याबद्दल मालकाचा तक्रारीचा फोन सहसा येत नाही.

या मळमळीचा उगम पोटात नसतो, अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांत असतो. दोन्ही बाजूंचा हा अवयव काढून टाकलेल्या कुत्र्यांना गाडी लागत नाही, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या प्रयोगांत दिसून आले होते. ओंडान्सेट्रॉनचा रोख मुख्यतः पोटाकडून आणि रक्तातल्या विषारी द्रव्यांमुळे येणाऱ्या उलटीवर असतो. कानाकडून सुरू होणाऱ्या या त्रासावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तरीही औषधाच्या दुकानात ‘कुत्र्याला गाडी लागते’ एवढे सांगितले की तीच पट्टी काढून दिली जाते.

गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपून मंडळी पुण्याला परतणार होती, त्यामुळे परतीच्या प्रवासाची आखणी माझ्याकडे आली. मॅरोपिटंट हे कुत्र्यांसाठीच तयार झालेले औषध आहे. अमेरिकेत त्याला 2007 मध्ये मान्यता मिळाली. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर ते थेट काम करते, त्यामुळे उगम कानात असो वा पोटात, उलटी थांबते. पण साध्या उलटीसाठी त्याची मात्रा किलोमागे 2 मिलिग्रॅम, तर गाडी लागण्यासाठी 8 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट आहे. पहिल्या मात्रेवर प्रवासाला निघालेली आणि ‘तुमचे महागडे औषध कुचकामी’ असा शेरा घेऊन आलेली कुत्री मी पाहिली आहेत. चिकूसाठी 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या ठरल्या, निघण्याच्या दोन तास आधी, बिस्किटाच्या तुकड्याबरोबर. अगदी रिकाम्या पोटी दिली तर याच गोळीने उलटी होऊ शकते. उलट चीजच्या गोळ्यात घट्ट लपेटून दिली तर ती वेळेवर विरघळत नाही. हे दोन्ही मी कागदावर लिहून दिले, कारण चिकूला गोळ्या नेहमी चीजमध्येच घालून दिल्या जात होत्या.

खरी अडचण वेगळी होती. खळ्यात उभ्या, बंद गाडीचे नुसते दार उघडले तरी चिकू मागे सरत असे आणि त्याच्या तोंडातून तार लोंबू लागे. अशा वेळी कानाचा काहीच संबंध उरत नाही. गाडी म्हणजे मळमळ, हे त्याला पाठ झालेले असते. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. गाडी बंद असताना तिच्याजवळ खाऊ घालायचे, मग दाराशी, मग सीटवर. काही दिवसांनी इंजिन चालू करायचे पण जागचे हलायचे नाही. त्यानंतर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. लाळ दिसली की एक पायरी मागे. याला कित्येक आठवडे लागतात आणि आमच्याकडे सणाचे चार दिवस होते. चिकू सीटवर चढून खाण्यापर्यंत आला, त्यापुढे नाही. घरातल्या आजींनी ओटीवरून हा खटाटोप पाहून मला विचारले, ‘अहो डॉक्टर, लागते ना त्याला गाडी? मग आणतात कशाला?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

निघताना मी चालवणाऱ्याला घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये एकसारखी चढवायला सांगितले, कारण जनावराला वेगापेक्षा ब्रेकचे हिसके आणि वळणे अधिक बाधतात, आणि कुत्र्याला धरायला दांडी नसते. मधल्या सीटवर, पुढे तोंड करून, छातीच्या पट्ट्याने बांधलेला चिकू. काच चार बोटे खाली, पण डोके बाहेर काढता येणार नाही इतकीच. सुगंधी डबी गाडीबाहेर. त्याच्या हनुवटीखाली मी दवाखान्यातला एक पांढरा टॉवेल घडी करून ठेवला आणि प्रत्येक थांब्यावर त्या टॉवेलचा फोटो पाठवायला सांगितले.

पोफळीचा फोटो कोरडा होता. कोयनानगरला टॉवेलची वरची घडी पूर्ण ओली होती, पाटणला घडी उलटून घेतलेली होती आणि तीही भिजली होती. उंब्रजला हमरस्ता लागल्यानंतर कुठे लाळ आटली. उलटी एकदाही झाली नाही. पुण्याला पोहोचल्यावर मालकांचा संदेश आला: ‘डॉक्टर, कमाल केलीत. सीट स्वच्छ!’

मॅरोपिटंट उलटी जितकी खात्रीने थांबवते तितकी मळमळ थांबवत नाही, हे मला ठाऊक होते; वळणागणिक ते टॉवेलवर उमटलेले पाहिले नव्हते. ट्रॅझोडोनसारखे भीती कमी करणारे औषध जोडीला देता येते आणि चिकूच्या बाबतीत मी ते पुढच्या वेळी देईनही, पण सरावाच्या पायऱ्या चढल्याशिवाय त्याचा भरवसा धरता येणार नाही. तोवर तो पुण्यातच कोणा ओळखीच्यांकडे राहिलेला बरा, असे आता माझे मत झाले आहे, म्हणजे आजींच्या मताच्या मी बराच जवळ आलो आहे.

दिवाळीला यायचे म्हणून मालकांनी गोळ्यांची चिठ्ठी मागितली. मी ती पाठवली आणि खाली लिहिले की रोज संध्याकाळी त्याला बंद गाडीत बसवून जेवण द्यावे, आठवडाभराने कळवावे. गोळ्या मिळाल्याचे त्यांनी त्याच दिवशी कळवले. जेवणाबद्दल दोनदा विचारले. दोन्ही वेळा अंगठ्याचे चित्र आले.