जॉब गेला, निरोप परत आला नाही

ऑटोसिस म्हणजे ठरलेली कामं, म्हणजे जॉब, वेगवेगळ्या मशीनवर आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. जॉबची स्थिती दाखवणाऱ्या त्याच्या ऑटोरेप कमांडच्या आउटपुटमध्ये एका जॉबच्या नावापुढे ‘एसटी’ ही दोन अक्षरं होती. एसटी म्हणजे स्टार्टिंग. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, तरी अक्षरं तीच. जॉब अगदी चिमुकला होता, तारीख घ्यायची आणि एका फाइलीत एक ओळ लिहायची, बस्स. मी दुसऱ्या खिडकीत त्या मशीनवर लॉगिन केलं आणि फाइल उघडून बघितली. ओळ लिहिलेली होती. काम केव्हाच उरकलं होतं, आणि ज्याने काम सांगितलं त्याला मात्र त्याची खबरच नव्हती.

आम्ही ऑटोसिस जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवत होतो. जॉब लिहिणं, जॉबचे गट म्हणजे बॉक्स बांधणं, रात्री फेल झालेला जॉब उठून परत चालवणं हे सगळं मी बरीच वर्षं करत आले होते. पण सर्व्हर मुळापासून उभा करायची वेळ पहिल्यांदाच आली. जॉब लिहिणाऱ्याला ऑटोसिस ही एकच वस्तू वाटते. मलाही वाटायची. आत शिरल्यावर कळलं की इथे चौघांचं बिऱ्हाड आहे.

पहिला इव्हेंट सर्व्हर. नावात सर्व्हर असला तरी हा खरं म्हणजे डेटाबेस. जॉबच्या व्याख्या, त्यांची स्थिती, घडलेल्या आणि घडायच्या इव्हेंटची नोंद, सगळं ह्याच्या पोटात. दुसरा शेड्युलर. तो ह्या डेटाबेसमधून इव्हेंट उचलतो, अटी पूर्ण झाल्या का ते बघतो आणि जॉब सोडतो. तिसरा ॲप्लिकेशन सर्व्हर. आपण जॉबच्या व्याख्या भरणारी जिल, ऑटोरेप, इव्हेंट पाठवणारी सेंडइव्हेंट अशा ज्या कमांडा मारतो त्या थेट डेटाबेसपर्यंत जात नाहीत, ह्याच्या खिडकीतून जातात. आणि चौथा एजंट, जो प्रत्यक्ष कामाच्या मशीनवर बसून सांगितलेली कमांड चालवतो.

डेटाबेसचं काम ते सांभाळणाऱ्या आमच्या डीबीएने केलं, त्यात मला डोकं घालावं लागलं नाही. बाकीचं इन्स्टॉलेशनही तसं सरळ. इन्स्टन्सला, म्हणजे ऑटोसिसच्या एका अख्ख्या मांडणीला, तीन अक्षरांचं नाव द्यायचं असतं. बहुतेक जण मुळातलं एसीई तसंच ठेवतात. आम्ही बदललं, कारण काही दिवस जुना आणि नवा दोन्ही शेजारी शेजारी चालणार होते, आणि कुठली कमांड कुणाकडे जातेय ह्याचा गोंधळ मला नको होता. ऑटोसर्व्ह नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हे नाव असतं. चुकीची प्रोफाइल लोड झालेल्या खिडकीत कमांड मारली की ती बिनबोभाट दुसऱ्याच घरी जाते. म्हणून मी दोन्हीकडच्या प्रॉम्प्टचे रंग वेगळे केले. पोरकट वाटेल, पण त्याने मला निदान दोनदा वाचवलं.

मग पोर्ट, म्हणजे मशीनवर कनेक्शन घ्यायची क्रमांक दिलेली दारं. क्लायंटच्या कमांडा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या ९००० वर येतात. एजंट ७५२० वर ऐकतो. आणि एजंटला काही सांगायचं असलं तर तो उलट दिशेने नवीन कनेक्शन उघडतो, शेड्युलरशी बोलायला ७५०७ आणि ॲप्लिकेशन सर्व्हरशी बोलायला ७५००. हे मुळातले आकडे झाले. ते बदलता येतात, मी तसेच ठेवले. ही उलट दिशा ध्यानात ठेवा, कारण माझे दोन दिवस तिथेच गेले.

मशीनमधली ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये कुठल्या वाटा उघडायच्या त्याचा फॉर्म मीच भरला. टेस्टच्या वेळचा जुना फॉर्म होता, त्यावरूनच नवा केला, मशीनची नावं बदलली आणि पाठवून दिला. दोन दिवसांनी ‘झालं’ असं उत्तर आलं. मी सगळं चालू आहे का ते बघणारी चेक-ऑटो-अप ही कमांड चालवली, तर डेटाबेस जागा, शेड्युलर जागा. मग एजंटांची नोंद केली. इन्सर्ट-मशीन लिहायचं, त्यात नोड नेम, पोर्ट आणि एजंटचं नाव. एजंटचं नाव एजंटपार्म ह्या त्याच्या सेटिंगच्या फाइलीत असतं ते अक्षर न अक्षर तसंच लागतं. बावीस मशीन होत्या. प्रत्येकीवर, एजंटशी बोलणं होतंय का ते तपासणारं ऑटोपिंग मारलं आणि प्रत्येकीकडून यशस्वी झाल्याची ओळ आली. मी खुशीत सगळ्यांना मेल टाकली. ती मेल आजही माझ्या सेंटमध्ये आहे, आठवण झाली की कानकोंडं व्हायला होतं.

कारण त्यानंतरचा पहिलाच जॉब स्टार्टिंगवर अडकला. दुसरा अडकला. वेगळ्या मशीनवरचा तिसराही अडकला.

आणि इथे मी एक घोडचूक केली. नशीब की जॉब टेस्टचा होता. मला वाटलं, अडकलाय तर सोडवू. सेंडइव्हेंटने चेंज-स्टेटस करून त्याला टर्मिनेटेड केलं आणि परत सुरू केला. फाइलीत दोन ओळी झाल्या. चेंज-स्टेटस ही कमांड फक्त डेटाबेसमधली पाटी बदलते. खालच्या मशीनवर काय चाललंय किंवा काय होऊन गेलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कागदावर माहीत होतं. तारीख लिहिणाऱ्या जॉबऐवजी पैसे वळते करणारा जॉब असता तर काय, ह्या विचाराने त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेजारी बसणारा म्हणाला, “अगं, एजंट कोल्ड स्टार्ट करून टाक ना, सगळं साफ होईल.” एजंटपार्ममध्ये तशी एक ओळ घालता येते, की एजंट उठताना मागचं सगळं विसरून कोऱ्या पाटीने उठतो. हात शिवशिवत होते. पण मी थांबले, कारण एजंटला जे सांगायचं राहिलं होतं तेच तर मला हवं होतं.

मग एजंटच्या लॉगच्या डिरेक्टरीत गेले. तिथे बऱ्याच फाइली असतात. आलेले निरोप रिसीव्हरच्या लॉगमध्ये, गेलेले ट्रान्समिटरच्या. रिसीव्हरमध्ये सगळं छान होतं, जॉब आला, घेतला. ट्रान्समिटरचा लॉग उघडला आणि तिथे एकच रडगाणं, शेड्युलरला जोडायचा प्रयत्न, अयशस्वी, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा अयशस्वी. पानंच्या पानं. बिचारा रात्रभर दार ठोठावत होता.

त्याच मशीनवरून मी टेलनेटने शेड्युलरच्या ७५०७ वर जोडून बघितलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. ह्यात एक बारकावा आहे आणि तो कामाचा आहे. पलीकडे कुणी ऐकतच नसेल तर बहुधा ताबडतोब नकार येतो. इथे नकारही नाही आणि होकारही नाही, म्हणजे मध्येच कुणीतरी निरोपाचं पाकीट गिळतंय. हे फायरवॉलचं लक्षण. तेच टेलनेट ॲप्लिकेशन सर्व्हरच्या ७५०० वर केलं तर क्षणात जोडलं गेलं.

आता ऑटोपिंगचं कोडंही सुटलं. मी मारलेलं ऑटोपिंग ॲप्लिकेशन सर्व्हरमार्फत जात होतं आणि एजंटचं उत्तरही त्याच्याच ७५०० वर येत होतं. ती वाट मोकळी होती, म्हणून ‘यशस्वी’. जॉब मात्र शेड्युलर सोडतो आणि त्याची खबर शेड्युलरच्या ७५०७ वर यावी लागते. ऑटोपिंग खोटं बोललं नव्हतं. मी विचारलं एकाला आणि विश्वास ठेवला दुसऱ्यावर.

फॉर्म काढून बघितला. टेस्टमध्ये शेड्युलर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर एकाच मशीनवर होते, त्यामुळे परतीच्या ओळीत एकच नाव होतं आणि ते पुरत होतं. प्रॉडक्शनमध्ये आम्ही दोघांना दोन मशीन दिल्या होत्या. मी नाव बदलताना परतीच्या ओळीत फक्त ॲप्लिकेशन सर्व्हरचं नाव घातलं. शेड्युलरकडून एजंटकडे जायची ओळ होती, परत यायची नव्हती. चूक शंभर टक्के माझी.

नेटवर्कवाल्यांना फोन केला. “मॅडम, बायडायरेक्शनलच केलंय आम्ही,” पलीकडून आवाज आला. बायडायरेक्शनल, म्हणजे दोन्ही दिशांनी, हा शब्द ऐकला की मला आता धडकी भरते. आधीच उघडलेल्या कनेक्शनवरून उत्तर परत येणं वेगळं, आणि पलीकडच्याने आपणहून नवीन कनेक्शन उघडणं वेगळं. फायरवॉल पहिलं आपोआप येऊ देते, दुसऱ्यासाठी वेगळा नियम लागतो. हे मी त्यांना समजावत बसले नाही, नवा फॉर्म भरला. फक्त ह्या वेळी प्रत्येक ओळीत ‘कनेक्शन कोण सुरू करतो’ असा एक जादा रकाना घातला.

फॉर्म पाठवायच्या आधी पुन्हा वाचताना आठवलं, शॅडो! आमच्याकडे शेड्युलर एकटा नाही. मुख्य पडला तर जागा घ्यायला दुसऱ्या मशीनवर शॅडो शेड्युलर बसलेला असतो. दोघेही डेटाबेसमधून एकमेकांच्या नाडीवर बोट ठेवून असतात. डेटाबेसही दोन असतील तर टायब्रेकर नावाचा तिसरा गडीही लागतो, नाहीतर नेटवर्क मधोमध तुटलं की दोघेही स्वतःला मुख्य समजू शकतात. आमचा डेटाबेस एकच, त्यामुळे ती उस्तवार नव्हती. पण शॅडोने सूत्रं घेतली की एजंटांना खबर त्याच्या मशीनवर पाठवावी लागणार, आणि त्या मशीनचं नाव परतीच्या एकाही ओळीत नव्हतं. हे तेव्हा सुचलं नसतं तर कळलं असतं ते थेट मुख्य शेड्युलर पडला त्या रात्री.

नियम लागू झाला तेव्हा मी ट्रान्समिटरचा लॉग समोर उघडा ठेवूनच बसले होते. एक प्रयत्न अयशस्वी. त्यानंतरचा जोडला गेला. एजंटने साठवून ठेवलेले दोन दिवसांचे निरोप ओळीने सुटले आणि शेड्युलरच्या लॉगमध्ये धडाधड नोंदी पडायला लागल्या, हा रनिंग, हा सक्सेस, हा रनिंग, हा सक्सेस. ऑटोरेप मारलं तर एसटीची एसयू, म्हणजे सक्सेस, झालेली. फाइलीत मात्र दोन ओळी होत्याच. त्या मी मुद्दाम पुसल्या नाहीत.

मग शॅडोची परीक्षा. शेड्युलर नेहमीच्या पद्धतीने, स्टॉप-डीमन इव्हेंट पाठवून थांबवला तर शॅडोही त्याच्याबरोबर गुमान थांबतो. त्याला वाटतं सगळंच बंद करायचंय, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मुख्याची प्रोसेसच मारली. शॅडोने थोडा वेळ वाट बघितली आणि मग सूत्रं हातात घेतली. ह्या वेळी मी कुठल्याही पिंगवर विसंबले नाही. बावीसही मशीनवर तोच तारीख लिहिणारा जॉब शॅडोकडून सोडला आणि बावीस एसयू मोजून घेतले. एकवीसच भरले. एका मशीनचं नाव फॉर्ममध्ये चुकीचं टाइप झालं होतं.

वेळेच्या झोनने मला पकडलं होतं, पण पडण्याआधीच सावरले. ज्या जॉबच्या व्याख्येत टाइमझोन लिहिलेला नाही, तो शेड्युलर ज्या टीझेडमध्ये, म्हणजे टाइमझोनच्या सेटिंगमध्ये, सुरू झाला त्या वेळेने चालतो. जुनी मशीन स्थानिक वेळेवर होती, नवी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. जुन्याकडून ऑटोरेपला क्यू हा पर्याय लावून सगळे जॉब फाइलीत उतरवले होते, त्या फाइलीत टाइमझोन जवळपास कुठेच नव्हता, कारण आजवर कुणाला गरजच पडली नव्हती. काही जॉब नव्यात घालून ऑटोरेपला डी लावून बघितलं. त्यात पुढच्या सुरू होण्याच्या इव्हेंटची वेळ दिसते, आणि ती काही तासांनी सरकलेली होती. शेड्युलरच्या प्रोफाइलमध्ये टीझेड घालून तो परत सुरू केला. प्रत्येक जॉबमध्ये टाइमझोन लिहिणं जास्त चोख झालं असतं, पण तेवढ्या जॉबना हात लावायची माझी छाती झाली नाही.

शेवटी खऱ्या जॉबची रात्र आली. भीती एकच होती. शेड्युलर उठला की ज्या ज्या जॉबच्या अटी आणि वेळा पूर्ण झालेल्या असतील ते सगळे एकदम सुटणार. त्याला उपाय आहे. इव्हेंटर ही शेड्युलर सुरू करायची कमांड, तिला मोठा जी लावला की ग्लोबल ऑटो होल्ड लागतं. मग सुटायच्या बेतात असलेला प्रत्येक जॉब होल्डवर जाऊन उभा राहतो आणि आपण फोर्स-स्टार्ट केल्याशिवाय हलत नाही. कुणीतरी सुचवलं की होल्डऐवजी आइसवर ठेवू. नाही म्हटलं. आइसवरचा जॉब चालत नाही, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना तो झाल्यासारखाच दिसतो, आणि मग मागचे सगळे मोकाट सुटतात. होल्डवरचा मात्र मागच्यांनाही धरून ठेवतो.

यादी घेऊन बसलो. डीबीए एका बाजूला, जॉबच्या मालकांपैकी दोघं कॉलवर. पहिला जॉब मी फोर्स-स्टार्ट केला. ऑटोरेप, एसटी. कॉलवर कुणी काही बोललं नाही. परत ऑटोरेप, आरयू, म्हणजे रनिंग. मी यादीतल्या पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि दुसरा जॉब सोडला.