बॅच १६: पट्टीचा वास गेला, लवंग परत आली

परवा रात्री घरी केलेल्या गव्हाच्या बिअरच्या बॅच १६ ची पहिली बाटली उघडली. ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिलो. आधी लवंग, मागोमाग पिकलेल्या वेलची केळ्याचा वास, आणि त्यामागे काहीही नाही. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा जो वास बॅच ९ पासून माझ्या मानगुटीवर बसला होता, तो गेलाय. खात्री व्हावी म्हणून ग्लास बायकोपुढे धरला. तिनं दोनदा हुंगला आणि म्हणाली, "आता हे प्यावंसं वाटतंय." सात महिन्यांनी हे वाक्य ऐकलं.

मागच्या वेळी बॅच १४ बद्दल लिहिलं तेव्हा मी पुरता टेकीला आलो होतो. वास तसाच होता आणि वर चवही गेली होती. मीठ न घातलेली पेज प्यावी तशी ती बिअर लागत होती. अनेकांनी तेव्हा यीस्ट बदल, सॅनिटायझर बदल, फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) फेकून दे असे सल्ले दिले. दोष त्यातल्या कशातच नव्हता. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. उन्हाळ्यात वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, गार करायला तुम्हीही माझ्यासारखाच उपाय करत असाल, तर तुमच्याही बाटल्यांत हे होऊ शकतं.

माझी पहिली चूक वास ओळखण्यात झाली. बॅच ९ चाखून बायको म्हणाली होती, "दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय." मी तो शब्द धरून बसलो. दातांच्या दवाखान्यातला तो वास लवंगेच्या तेलाचा, म्हणजे युजेनॉलचा. हेफेवाइझनमधली, म्हणजे मी करतो त्या जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरमधली, लवंग ४-व्हिनाइल ग्वायकॉलची, आणि हे दोन्ही फिनॉलच, एकाच घराण्यातले. त्यामुळे लवंग जास्त होतेय असा निष्कर्ष काढून मी तिच्या मागे लागलो. बॅच १२ ला ४४ अंशांची फेरुलिक रेस्ट, म्हणजे माल्टची भरड त्या तापमानाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून लवंग वाढवायची पायरी, गाळली. बॅच १३ ला आंबवण्याचं तापमान २३ पर्यंत चढवलं, केळं वर येऊन लवंग झाकली जाईल म्हणून. बॅच १४ ला तर वाइझन यीस्टच काढून टाकलं आणि फिनॉल न करणारं साधं एल यीस्ट घातलं. लवंग पार नाहीशी झाली. वास मात्र जागेवरच होता.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की लवंगच नाही, तर वास लवंगेचा कसा असेल?

त्या रविवारी ओट्यावर तीन ग्लास मांडले. पहिल्यात गरम पाण्यात चार ठेचलेल्या लवंगा. दुसऱ्यात कोमट पाण्यात पाकिटातून नुकती काढलेली चिकटपट्टी. तिसऱ्यात बॅच १४. बायकोला डोळे मिटायला सांगून एकेक ग्लास पुढे केला, मधे मधे कॉफीची पूड हुंगायला दिली. तिसरा ग्लास नाकाशी गेला आणि ती लगेच म्हणाली, "हा लवंगेचा नाहीच. हा पट्टीचा." मी स्वतः हुंगलं. तंतोतंत तोच. पट्टीचा वास म्हणजे क्लोरोफिनॉल, आणि क्लोरोफिनॉल म्हणजे कुठून तरी क्लोरीन आत जातंय. माल्टमधल्या आणि यीस्टनं केलेल्या फिनॉलशी क्लोरीनची गाठ पडली की तो तयार होतो. अब्जात काही भाग इतका असला तरी नाकाला कळतो, आणि बाटली कितीही महिने ठेवली तरी जात नाही. गंधकाचा, सडक्या अंड्याचा वास आठ-पंधरा दिवसांत उडून जातो, हा तसा नाही.

पण क्लोरीन येणार कुठून? आमच्या नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं, आणि ते घालायलाच हवं. मी बॅच ९ पासूनच मॅशसाठी (माल्टची भरड गरम पाण्यात भिजवायला) आरओचं पाणी घेतोय. धुणंही शेवटी उकळलेल्या पाण्यानंच करतो. दोन रात्री वही चाळली. बॅच ८ पर्यंत नळाचंच पाणी वापरलं होतं आणि तरीही वास नव्हता. याचंच कोडं उलगडेना. मग बॅच ९ च्या पानावर माझंच वाक्य दिसलं: "आजपासून बर्फाची युक्ती."

तुम्हाला ती आठवत असेल, मी मोठ्या कौतुकानं लिहिली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं, चिलरची नळी किती वेळ चालवणार? म्हणून १६ लिटर वर्ट उकळायचा, टोप पाण्याच्या टबात ठेवून ४० पर्यंत आणायचा आणि मग त्यात ४ किलो बर्फ सोडायचा. दहा मिनिटांत १८ अंश. बर्फ आदल्या रात्री डब्यांत लावायचा. आणि ते डबे मी भरायचो थेट नळाखाली. आधीच्या आठ बॅचना सगळं पाणी उकळलं जायचं, त्यात मोकळं क्लोरीन उडून जायचं. बर्फाचं पाणी कधीच उकळलं नाही, आणि गोठल्यानं क्लोरीन जात नाही. ४ लिटर क्लोरीनचं पाणी मी स्वतःच्या हातानं तयार वर्टमध्ये सोडत होतो.

नुसत्या तर्कावर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. बॅच १५ चा वर्ट चार जारमध्ये वाटला. एकात आरओच्या पाण्याचा बर्फ, दुसऱ्यात नळाचा, तिसऱ्यात नळाचाच पण लावण्याआधी केएमएस घातलेल्या पाण्याचा, चौथ्यात बर्फच नाही, उकळून गार केलेलं पाणी घालून रात्रभर फ्रिजमध्ये. यीस्ट एकच, तापमान एकच. तीन आठवड्यांनी बाटल्यांवर नुसते आकडे चिकटवून बायको आणि शेजारचे काका यांना हुंगायला दिल्या. दोघांनीही दुसरीच बाजूला काढली. बाकी तिन्ही स्वच्छ.

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कॅम्पडेन गोळीत असतं तेच. परदेशी गोळ्या महागात मागवू नका. आंब्याचा स्क्वॅश घरी करणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. आईच्या डब्यातच निघालं, आणि बेकरीचं सामान मिळतं तिथे छोट्या पाकिटात मिळतं. २० लिटरला साधारण ०.१५ ग्रॅम पुरतं, म्हणून दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा लागतो, चिमटीचा अंदाज नको. काही मिनिटांत काम होतं. उकळून न जाणारं क्लोरामाइनही यानं जातं, म्हणून मी आता पाणी कुठलंही असो, घालतोच.

वास सुटला, पण बॅच १५ च्या चारही बाटल्या सपक होत्या. याला कारण मीच करून ठेवलेले बदल. रेस्ट नाही, लवंग मारलेली. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत. बाटल्या फुटतील या भीतीनं फेसासाठी बाटलीत घालायची साखर लिटरला ५ ग्रॅमच, म्हणजे वायू जेमतेम दोन व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट). वाइझन तेवढ्यावर मेलेलीच लागते. शिवाय बॅच १२ आणि १३ ला जे वाइझन यीस्ट वापरलं, ते डायस्टॅटिकस जातीचं निघालं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचत चला. ते डेक्स्ट्रिनसुद्धा, म्हणजे साधं यीस्ट सोडून देतं त्या साखरेच्या लांब साखळ्याही, खातं. माझी फायनल ग्रॅव्हिटी (आंबून झाल्यावरची घनता) १.००४ ला गेली होती, अंग राहणार कुठून? आणि अशा यीस्टवर साखर वाढवली तर बाटली खरोखरच धोक्याची होते.

बॅच १६ ला हे सगळं उलटं फिरवलं. गव्हाचं माल्ट अडीच किलो, पिल्सनर (बार्लीचं फिकट माल्ट) दोन किलो. ४४ अंशांवर २० मिनिटं, मग ६७ वर तासभर. २० लिटरला ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. डायस्टॅटिकस नसलेलं बव्हेरियन यीस्ट १७ ला घातलं, जुन्या फ्रिजवर लावलेल्या एसटीसी-१००० थर्मोस्टॅटनं हळूहळू २० पर्यंत नेलं. ग्रॅव्हिटी १.०४९ वरून १.०१२ वर थांबली. साखर लिटरला ८ ग्रॅम, जाड काचेच्या झाकणवाल्या बाटल्यांत. बर्फ अर्थातच आरओचा.

दळणाबद्दलही सांगतो, कारण यातही फरक पडला. भरडून येणारं माल्ट मी आता मागवत नाही. पार्सल आठ दिवस उन्हात फिरतं आणि वास उडालेला असतो. सेक्टरातल्या गिरणीत सकाळी पहिला नंबर लावतो. गिरणीवाले विचारतात, "लापशीला का?" मी हो म्हणतो, कारण जाडी तीच हवी असते. गव्हाला बार्लीसारखं तूस नसतं, मॅशची पिशवी चिकट होते, त्यासाठी कर्जतहून आणलेलं भाताचं तूस दोन मुठी, आधी स्वच्छ धुऊन.

पुढची बॅच धणे आणि संत्र्याच्या सालीची विट (बेल्जियन धर्तीची गव्हाची बिअर) असं पक्कं केलं होतं, धणे आणूनही ठेवलेत. पण लिहिता लिहिता वाटतंय की एवढ्या मुश्किलीनं परत आलेली लवंग अजून नीट समजून घेतलेली नाही. तेव्हा बॅच १७ पुन्हा चार जारमध्ये: रेस्ट शून्य, दहा, वीस आणि तीस मिनिटं. टोप एकच असल्यानं मॅश चार वेळा लहान लहान करावे लागतील, रविवार जाईल. आणि त्यातल्या एकाऐवजी अर्धा किलो खपलीची भरड घातली तर? खपली म्हणजेच एमर, बव्हेरियात त्याची बिअर होतेच. नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खपली बॅच १८ ला.

बॅच १६ च्या सव्वीस बाटल्या उरल्यात. गाळ तळाशी बसलाय, शेवटचा घोट ओतण्याआधी बाटली आडवी फिरवून तो ग्लासात घ्यायचा. काल केलं, तेव्हा लवंग आणखी वर आली.