पान विसरलं का, आपण पान आहे म्हणून?

नांदेडजवळच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यांपासून बाटलीत रोपं वाढवतात तिथं, मी काम करते. लागवडीच्या आधी शेतकरी चक्कर मारतातच. त्या दिवशी अर्धापूरकडचे एक काका केळीची रोपं बघायला आले आणि अडकले भलत्याच रॅकपाशी. तिथं कॉलेजच्या पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी ठेवलेल्या तंबाखूच्या बाटल्या होत्या. एकीत पांढऱ्या मुळ्यांचं जंजाळ, दुसरीत हिरवे कोंब, तिसरीत नुसता फिकट गोळा.

"तीन वाण का हे, ताई?"

"नाही काका, एकाच पानाचे तुकडे."

त्यांना पटेना. बाटलीतलं माध्यम, म्हणजे साखर, क्षार आणि अगारची जेली, सगळं तेच. फरक फक्त दोन संप्रेरकांच्या प्रमाणाचा. ऑक्झिन वरचढ तर मुळ्या, सायटोकायनिन वरचढ तर कोंब, दोन्ही तोलात असली की कॅलस, म्हणजे हा गोळा. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूवरच हे दाखवलं होतं.

काका बराच वेळ बाटली फिरवत राहिले. "म्हंजे पान इसरलं का, आपण पान हाय म्हणून?"

तोंडी परीक्षेतसुद्धा मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं तर ते नुसतं विसरत नाही. अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपावर २०१० साली दिसलं, की पानापासून केलेला कॅलसही आतून मुळाच्या टोकासारखाच असतो. म्हणजे पान आधी मुळाची वाट धरतं! मग सायटोकायनिन वाढवलं की गोळ्यात ठिकठिकाणी वुशेल नावाचं जनुक जागं होतं आणि तिथंच कोंबाच्या मूलपेशी, म्हणजे नवनवे भाग घडवत राहणाऱ्या पेशी, घडतात.

हे ऐकून काका खूश होतील असं वाटलं, तर ते घाबरले. "मग माझ्या केळीनं पण वाट बदलली तर?"

शंका रास्तच. कॅलसमधून आलेल्या रोपांत वाण बिघडण्याचा धोका जास्त, म्हणून केळीत आम्ही त्या फंदात पडत नाही. मुनव्याचा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेल्या पिलाचा, पापुद्र्यामागून पापुद्रा सोलून आतला शेंडा घेतो. त्यात मूलपेशी निसर्गानंच ठेवलेल्या असतात. बीएपी हे सायटोकायनिन दिलं की शेंड्याची दादागिरी मोडते, बगलेतले डोळे फुटतात. मुळ्यांसाठी शेवटी वेगळं माध्यम. तरी एकाच शेंड्यापासून किती पिढ्या काढायच्या यालाही मर्यादा ठेवावी लागते.

"माझ्या बागेतला मुनवा आणू का? घड लई जोरदार पडतो."

"आणा. पण आधी व्हायरसची तपासणी. पर्णगुच्छ रोग निघाला तर घेणार नाही."

"आन् तपासणीचे पैसे कोन देनार?"


तो हिशेब त्यांनी साहेबांशी केला.