पावसाळ्यात पणजीत महिनाभर: खोली शोधताना

भाड्याच्या बाजारात 'एक महिना' ही सगळ्यात अडचणीची मुदत. लॉजवाल्याच्या हिशोबात ती बसत नाही, आणि घरमालकाला 11 महिन्यांच्या कराराखाली बोलायचंच नसतं. पणजीत फोन केलेल्या एका एजंटाने मुदत ऐकली, 'बघून सांगतो' म्हणाला, आणि त्याचा फोन काही आला नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. एका महिन्यावर त्याला दलाली मिळून मिळणार किती?

मुक्काम जूनमध्ये करायचा होता. बाबांना सेंट्रल लायब्ररीत बसून गोव्यातली जुनी मराठी नियतकालिकं चाळायची होती. ही लायब्ररी 1832 सालची. आता पाटो भागात, कदंबा बस स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे इंटरनेट नीट असलं की मला पुणे काय नि पणजी काय. थोडक्यात, बाबांच्या गुडघ्यांना झेपेल असा लायब्ररीचा रस्ता आणि मला दिवसभर वीज, एवढंच हवं होतं. पण ज्याला त्याला सांगितलं की पहिला प्रश्न एकच: 'समुद्र दिसतो का?'

म्हणून सुरुवात मिरामारपासून केली. मांडवी तिथे समुद्राला मिळते, किनारा ऐसपैस, फिरायला छान. पण जूनमध्ये लाल बावटे लागलेले, पाण्यात पाय टाकायची सोय नाही. तिथल्या बऱ्याच फ्लॅटचे मालक बाहेरगावी, घरं वर्षातले कित्येक महिने बंद. एक फ्लॅट फोटोत चकचकीत होता. मी व्हिडिओ कॉलवर केअरटेकरला म्हटलं, 'दादा, जरा कपाट उघडून दाखवा.' तो आढेवेढे घ्यायला लागला. शेवटी उघडलं, तर मागच्या फळीवर काळे-हिरवे ठिपके, वरपासून खालपर्यंत. कोकणपट्टीत पावसाळ्यात खोली घेणार असाल तर हॉलचे फोटो बघू नका; कपाटाचा आतला भाग, गादीची खालची बाजू आणि बाथरूमचं छत बघा. बुरशी तिथेच सापडते.

त्यानंतर मात्र फोनवर ठरवायचं नाही असं ठरलं. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो आणि फिरून बघायला लागलो.

फोंतेन्यास बघून कुणीही भुलेल. पिवळी, निळी, लाल घरं, कौलं, चिंचोळ्या गल्ल्या, आणि लायब्ररी हाकेच्या अंतरावर. एक खोली जवळजवळ पक्कीच झाली होती. पण तिचा लाकडी जिना इतका उभा की बाबा उतरताना कठड्याला धरून तिरके तिरके उतरले. शिवाय खाली दुकानात काडेपेटी घेताना त्या काकांनी विचारलं, 'पाऊस आणि भरती एकदम आली की इथे मळा भागात पाणी चढतं, माहीत आहे ना?' घरमालकाने हे सांगितलं नव्हतं. तो कशाला सांगेल! आणि रविवारी सकाळी खिडकीखाली फोटो काढणाऱ्यांचे घोळके. तिथल्या रहिवाशांनी भिंतींवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या का लावल्यात ते कळलं.

आल्तिनो शांत, झाडीत, पण टेकडी. विषयच संपला. पर्वरीला लिफ्टची नवी घरं मिळत होती, भाडंही परवडणारं. मात्र रोज पूल ओलांडायचा, आणि हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू. बाबा एकटे बसने जाणार, तेव्हा तेही नको.

रायबंदर सुचवलं ते एका पायलटने. (गोव्याबाहेरच्यांसाठी: इथला पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. ओला-उबर इथे चालत नाहीत, त्यामुळे याच्यासारखा माहीतगार दुसरा नाही.) तो म्हणाला, जुन्या गोव्याच्या बसेस सारख्या जातात, तुम्हाला स्टँडवरच सोडतील. खरंच होतं. पणजी ते रायबंदर हा रस्ता सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबलचक बांधावरून जातो, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं नि खारफुटी. पणजीत '18 जून' नावाच्या रस्त्यावर पाणी तुंबलं त्या दिवशीही आमची बस आली.

घर एका आंटीचं. तळमजल्यावरची मागची खोली, स्वयंपाकाचा ओटा, वेगळं दार. मला बघून तिचा पहिला प्रश्न, 'पावसांत कित्याक येता गो?' बाबांनी मराठीत लायब्ररीचं सांगितलं, ती कोकणीत बोलत राहिली, आणि दोघांचं असं काही जमलं की भाड्याचं बोलणं मलाच मधे आणावं लागलं. ॲपवरच्या रोजच्या दराला तीसने गुणलं असतं तर आकडा भलताच झाला असता. पण जूनमध्ये खोली रिकामीच राहणार हे तिलाही ठाऊक होतं. घासाघीस न करता ती निम्म्याच्याही खाली आली. मी इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि कपडे वाळवायची जागा विचारली. पहिल्या दोन्हींना होकार. तिसऱ्यासाठी तिने एसीचा रिमोट हातात दिला आणि 'ड्राय मोड' दाखवला. खोलीत दोरी बांधून महिनाभर कपडे त्यावरच वाळवले.

कागदपत्रं फार नव्हती. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते, त्यासाठी आधारची प्रत आणि फोटो. एका आधीच्या मालकाने 'महिन्याभरासाठी कशाला तो फॉर्म' म्हटलं होतं. आंटीने मात्र स्वतःहून पुढे केला. अनामत दिली तेव्हा तिच्यासमोरच वीज मीटरचा फोटो काढून तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. निघताना हिशोब पाच मिनिटांत मिटला.

गैरसोयी होत्या. अंधार पडल्यावर बसेस विरळ होतात, त्यामुळे पणजीत रात्री जेवायचं तर परतीचं वाहन आधी ठरवून ठेवावं लागे. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने येणाऱ्याने हा महिना निवडू नये. आंटीकडे मे महिन्यात भरून ठेवलेली सुकी सुंगटं (कोलंबी) आणि पारा (सुक्या माशाचं लोणचं) होता, त्यातलं ती अधूनमधून वाटीभर आणून द्यायची. सकाळी सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत यायचा. पोळी (इथे हा पावाचा प्रकार) त्याच्याकडून, नाश्ता झाला.

निघताना डिसेंबरात महिनाभरासाठी याच खोलीचं भाडं विचारलं. आंटी हसली. नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सुरू झाला की ती रात्रीच्या दरानेच देते.