सिबेलियस, खालच्या सुराकडून

सोमवार, रात्र

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची ओळख करून देणारी कुठलीही सीडी घ्या, पहिला ट्रॅक बहुधा 'फिनलांडिया' असतो. हे मला पटत नाही. रचना उत्तमच आहे, पण तिच्यापासून सुरुवात केली की ऐकणारा पितळी वाद्यांचा गडगडाट आणि मधली प्रार्थनेसारखी धून एवढंच लक्षात ठेवतो आणि पुढे सगळीकडे तसलीच धून शोधत बसतो. ती सापडत नाही. मग 'रटाळ आहे' असं म्हणून सीडी कपाटात जाते.

सिबेलियस वरून ऐकायचाच नाही, खालून ऐकायचा. त्याच्या संगीतात डबल बास (सर्वांत खालच्या सुराचं तंतुवाद्य), टिंपनी (नगाऱ्यांसारखे ढोल) किंवा हॉर्न एखादा सूर धरून ठेवतात, कधी कधी मिनिट-मिनिट. वरचं सगळं त्या सुरावर तरंगत असतं. पियानोला पायाशी सूर लांबवणारं पेडल असतं, ऑर्केस्ट्राला नसतं, म्हणून ते रचनेतच लिहून द्यावं लागतं, असं त्याचं म्हणणं एका विद्यार्थ्याने नोंदवून ठेवलं आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही वाट खरं तर जवळची. फरक एवढाच की तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही. सिबेलियसचा खर्ज आधी षड्जासारखा वाटतो, कान त्यावर विसावतो आणि मग तो हळूच सरकतो. वरची धून तीच राहते, पण तिच्याखालची जमीन बदललेली असते. हा क्षण एकदा पकडता आला की पुढचं सोपं होतं.

मंगळवार

क्रम असा लावावा: 'करेलिया' सुइट, म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ (१५ मिनिटं), 'तुओनेलाचा हंस' (९), 'व्हाल्स त्रिस्त' (साडेपाच), 'फिनलांडिया' (८), सातवी सिंफनी (२१), 'तापिओला' (१८). एकूण सुमारे ७७ मिनिटं. ८० मिनिटांच्या सीडीत हे बसतं. वाद्यवृंदाच्या दिग्दर्शकानुसार एक-दोन मिनिटं इकडेतिकडे होतात.

पाचव्या सिंफनीचा फक्त शेवटचा भाग घालण्याची पद्धत मात्र नको. हॉर्नवर झुलणारी ती प्रसिद्ध धून तोडून घेतली की तिची किंमत जाते, कारण तिथवर पोचायला लागणारी वीस-बावीस मिनिटंच गाळलेली असतात. शेवटचे सहा सुटे आघात आणि त्यांच्यामधली शांतताही तेवढ्यासाठीच आहे. पाचवी हवी असेल तर पूर्ण घ्यावी आणि त्यासाठी 'तापिओला', 'व्हाल्स त्रिस्त' व 'फिनलांडिया' काढावेत.

'करेलिया' पहिलं ठेवण्याचं कारण म्हणजे त्यातला इंटरमेझो नावाचा तुकडा. मिरवणूक लांबून येते, समोरून जाते आणि दूर होते, एवढाच प्रकार, चारेक मिनिटांचा. तंतुवाद्यांची थरथर आणि त्यावर हॉर्नची हाक. स्वरसमूह (एकत्र वाजणारे सूर, कॉर्ड) जवळजवळ एकाच जागी उभा असतो, आवाज तेवढा वाढतो नि कमी होतो. खालचा सूर धरून ठेवण्याचा सराव यापेक्षा सोप्या जागी होणार नाही. १८९३ साली हेलसिंकीत विद्यार्थ्यांच्या एका कार्यक्रमातल्या ऐतिहासिक देखाव्यांसाठी हे संगीत लिहिलं गेलं.

बुधवार

ऐकण्याची तयारी. आवाजाची पातळी 'हंसा'वर ठरवू नये, 'फिनलांडिया'वर ठरवावी. त्यातला सर्वांत मोठा भाग जेमतेम सोसेल इतका आवाज ठेवायचा आणि पुन्हा बटणाला हात लावायचा नाही. त्या पातळीवर 'हंसा'ची सुरुवात ऐकू येत नसेल तर दोष खोलीतल्या आवाजाचा आहे. पंखा बंद करावा, खिडकी लावावी. आवाज वाढवला तर पुढच्या पितळी वाद्यांच्या वेळी धावत येऊन कमी करावा लागतो आणि अशा दोन-तीन धावपळींत रचना संपलेली असते.

फोनवर ऐकत असाल तर तीन गोष्टी तपासा. नॉर्मलायझेशन बंद करा, कारण काही ॲपमध्ये ते हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली ओढतं. क्रॉसफेड, म्हणजे एका ट्रॅकचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं, बंद करा. सलग वाजवण्याची सोय चालू करा, कारण सातवी सिंफनी एकाच सलग भागाची असूनही काही सीड्यांवर ती चार ट्रॅकमध्ये कापलेली असते आणि प्रत्येक कापाशी अर्धा सेकंद खड्डा पडतो.

मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर इथे चालत नाही. डबल बासची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते, छोटे स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुके असतात. म्हणजे जो सूर ऐकायचा, तोच गायब. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन त्यापेक्षा बरे.

गुरुवार, उशिरा

'तुओनेलाचा हंस'. तुओनेला म्हणजे 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातला मृतांचा देश. त्याच्या काळ्या नदीवर हा हंस तरंगतो. वाद्यांची निवडच पाहण्यासारखी आहे: बासरी नाही, ट्रम्पेट नाही, नेहमीचा क्लॅरिनेटही नाही, फक्त बास क्लॅरिनेट. उजेड देणारी वाद्यं काढूनच टाकली आहेत. हंसाचा आवाज म्हणजे इंग्लिश हॉर्न. नावात हॉर्न असलं तरी तो ओबोचा खालच्या पट्टीतला भाऊ, लाकडी.

सुरुवात दोनदा ऐकावी. म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेल्या तंतुवाद्यांचा एकच स्वरसमूह खालून उठतो आणि चेलोकडून व्हायोलाकडे, तिथून अनेक गटांत वाटलेल्या व्हायोलिनकडे चढत जातो. सूर तेच राहतात, रंग पातळ होत जातो. वाईट ध्वनिमुद्रणात हा चढ एका ढगासारखा ऐकू येतो, चांगल्यात प्रत्येक पायरी कळते. बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर दिग्दर्शक कारायानने १९६०च्या दशकात केलेलं मुद्रण या कसोटीला उतरतं.

यानंतर 'व्हाल्स त्रिस्त' हलकं वाटेल. वाटू द्यावं. एक बासरी, एक क्लॅरिनेट, दोन हॉर्न, टिंपनी आणि तंतुवाद्यं एवढाच संच. ते १९०३ साली मेहुणा अर्विद यार्नेफेल्टच्या नाटकासाठी लिहिलं गेलं.

शनिवार

आता 'फिनलांडिया' ऐकली की वेगळी वाटते. १८९९च्या फेब्रुवारीत रशियाच्या झारने जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता आवळली, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्याच नोव्हेंबरात वृत्तपत्रांसाठी झालेल्या कार्यक्रमात शेवटच्या देखाव्याला हे संगीत वाजलं. मधली धून लोकगीत नाही, सिबेलियसचीच आहे आणि फिनलंडचं राष्ट्रगीतही नाही. या दोन्ही चुका सीड्यांच्या पुस्तिकांतही सापडतात.

सातव्या सिंफनीत एकच धागा धरावा: ट्रॉम्बोन. ती धून तीनदा येते. साधारण पाचव्या-सहाव्या मिनिटाला, दहाव्याच्या आसपास आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना. तिन्ही वेळा षड्ज तोच, पाश्चात्त्य सी हा सूर. दुसऱ्यांदा गंधार कोमल होतो आणि आजूबाजूला वादळ असतं. मधल्या काळात वेग कधी वाढला, कधी उतरला ते कळत नाही, कारण एका वाद्यगटाची लय जुनी असतानाच दुसऱ्याची नवी सुरू झालेली असते. अगदी शेवटी तंतुवाद्यं निषादावर अडतात आणि कष्टाने षड्जावर चढतात. तो चढ गुळगुळीत वाजवणारा दिग्दर्शक माझ्या मते सिंफनीच हरवतो.

रविवार

'तापिओला' शेवटी आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. तापिओ हा वनदेव. १९२६ साली वाद्यवृंद-दिग्दर्शक वॉल्टर डॅम्रॉशच्या मागणीवरून न्यूयॉर्कसाठी लिहिलेली रचना. सुरुवातीला तंतुवाद्यांत एक तोकडा, आपल्याच भोवती घुटमळणारा सुरावट-तुकडा येतो आणि अठरा मिनिटं जे घडतं ते त्यातूनच. आलापाशी तुलना सुचते, पण इथे बढत वर-वर जात नाही. तोच तुकडा वेगवेगळ्या झाडांआडून पुन्हा दिसतो. शेवटाकडे तंतुवाद्यांचं वादळ कुजबुजीतून उठून पूर्ण ऑर्केस्ट्रा व्यापतं. बुधवारची आवाजाची पातळी इथेच कसाला लागते.

फिनिश दिग्दर्शक कायानुसने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर १९३२ साली केलेलं 'तापिओला'चं मुद्रणही जरूर ऐकावं. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत, त्यामुळे रचना तुकड्यांत मुद्रित व्हायची. तरी त्याची चाल तुटत नाही. कायानुस सिबेलियसचा जुना स्नेही होता.

या रचनेनंतर सिबेलियस तीस वर्षांहून जास्त जगला, पण एवढी मोठी वाद्यवृंद-रचना पुन्हा प्रसिद्ध झाली नाही. आठव्या सिंफनीचे कागद त्याने 'आइनोला' या आपल्या घरी जाळले. 'तापिओला'च्या अखेरीस वादळ ओसरल्यावर तंतुवाद्यांचा बी मेजरचा (बी षड्ज, गंधार शुद्ध) लांब स्वरसमूह विरत जातो. तो पूर्ण संपेपर्यंत पुढचा ट्रॅक आपोआप सुरू होणार नाही, एवढं आधीच बघून ठेवावं.